प्रयोग चालू असताना ‘थांबा’ म्हणायचा हक्क कुणाला?

विंगेतून
नमस्कार मंडळी. मी एका नाट्यसंस्थेत रंगमंच व्यवस्था बघते. बॅकस्टेजच्या शिस्तीवर इथे अधूनमधून बोलणं होतं, आज एक नेमका प्रश्न घेऊन आले आहे.

परवाच्या प्रयोगात दुसऱ्या अंकातल्या ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे घालवून सेट बदलताना, चाकांची मोठी लेव्हल (सेटचा उंच चौथरा) आत येत होती. ती ढकलणाऱ्यांतला सगळ्यात नवा मुलगा मध्येच मोठ्याने ‘थांबा!’ म्हणाला. त्याला समोर कुणीतरी उभं दिसलं. लेव्हल थांबली, काय झालंय ते बाकीच्यांना कळेना, दिवे यायचे ते आले नाहीत आणि प्रेक्षक अंधारात बसून राहिले. समोर माणूस नव्हता. आधीच्या प्रवेशातला कोट टांगायचा स्टँड होता, त्यावर कोटही होता.

प्रयोग संपल्यावर सेटच्या प्रमुखांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ‘पुढच्या प्रयोगाला हा नको’ असं मला सांगितलं. ते अनुभवी आहेत, त्यांच्या हाताखाली आजवर कुणाला इजा झालेली नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी सहज उडवून लावू शकत नाही.

माझं मत असं, की अंधारात एकाच माणसाच्या सूचनेवर सगळं हललं पाहिजे. पण धोका दिसत असूनही कुणी गप्प बसलं, तर त्या शिस्तीचा काय उपयोग? तुमच्याकडे असं काही झालं तर काय करता? प्रयोग थांबवायचा हक्क कुणाकुणाला आहे? आणि कानउघाडणी करायची ती कुठे, कशी? सविस्तर लिहा.

काळा_शर्ट
काढू नका त्याला. शाबासकी द्या. माणूस असता तर?

दोरखंड
काळा_शर्ट, ‘माणूस असता तर’ हा प्रश्न बरोबर आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. मी फ्लायवर, म्हणजे मंचाच्या वरच्या दोरांवर काम करतो, पडदे आणि सेट टांगायचे बार (आडवे नळ) वर-खाली करतो, म्हणून माझी बाजू मांडतो.

ब्लॅकआउटमध्ये एका वेळी चार-पाच गोष्टी हलत असतात. लेव्हल आत येते, फ्लॅट (सेटची रंगवलेली भिंत) बाहेर जातो, वरून एखादा बार उतरतो, नट खुणेच्या पट्टीवरून चालत जागेवर जातो. प्रत्येकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेवर बसवलेली असते. अशात एकाने ओरडलं की अर्धे थांबतात, अर्धे थांबत नाहीत, आणि खरा अपघात तिथे होतो. लेव्हल थांबली म्हणून नट थबकला आणि तो नेमका उतरणाऱ्या बारखाली उभा राहिला, असं होऊ शकतं. उतरणारा बार काही ‘थांबा’ ऐकून जागच्या जागी थांबत नाही. दोर आवळून थांबवायलाही क्षण जातो.

काउंटरवेटवर, म्हणजे बारवरच्या मालाला दुसऱ्या बाजूने वजनं लावून तोलतात तिथे, तर सगळं क्रमावर चालतं. बार खाली असताना आधी माल बांधायचा, मग वर गॅलरीतून वजनं चढवायची. उतरवताना आधी वजनं काढायची, मग बारवरचा माल सोडायचा. हा क्रम उलटा झाला तर हलकी झालेली बाजू सुसाट वर जाते आणि दोर कुणाच्याच हातात राहत नाही. वजनं चढत असताना बारखाली कुणी उभं राहत नाही आणि गॅलरीतला सांगेपर्यंत खालचा दोराचं कुलूप काढत नाही. इथे ‘मला असं वाटलं’ याला जागा नाही.

म्हणून सेटच्या प्रमुखांचा राग मला समजतो. मुलाला काढा असं मी म्हणत नाही. पण त्याने केलं ते सरसकट बरोबर होतं असंही म्हणू नका.

कडेची_खुर्ची
एक विचारू का? त्या मुलाच्या कानाला हेडसेट होता?

विंगेतून
नाही. हेडसेट मोजकेच आहेत. सेटकडे एकच, तो प्रमुखांकडे असतो. ते त्या वेळी समोरच्या विंगेत होते.

कडेची_खुर्ची
मग त्याने दुसरं काय करायला हवं होतं? सांगायचं कुणाला, तर ज्याच्याशी बोलायची सोयच नाही त्याला? दोरखंड म्हणतात तसा सूचनेचा एकच मार्ग असावा हे मान्य. पण त्या मार्गावर मुलाला पाऊलही ठेवता येत नसेल तर ओरडण्यावाचून त्याच्या हातात काय उरलं?

आणखी एक. विंगेतून ताई, तुम्ही लिहिलंय ‘समोर माणूस नव्हता’. पण स्टँड होता ना! ती लेव्हल त्या स्टँडवर गेली असती तर स्टँड आडवा झाला असता, चाकात कोट अडकला असता, ढकलणारे त्यावर पडले असते. तो स्टँड तिथे राहिलाच कसा? तो उचलायचं काम कुणाकडे होतं? सगळी चर्चा ओरडणाऱ्यावर चालली आहे आणि स्टँड विसरणारा त्या गर्दीत सुटला.

काळा_शर्ट
जबरदस्त मुद्दा. +१

दोरखंड
कडेची_खुर्ची, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. स्टँडचं उत्तर आधी मिळायला हवं. अडथळा खरा होता, त्यामुळे मुलाच्या नजरेला दोष देता येणार नाही.

लाल_हिरवा
हेडसेट कमी असतील तर क्यू-लाइट, म्हणजे क्यूचे (इशाऱ्याचे) दिवे लावा. दोन छोटे दिवे आणि बटण एवढंच लागतं. ब्रिटिश पद्धतीत लाल लागला की तयार राहा, हिरवा लागला की करा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पूर्वापार एकाच दिव्याचा रिवाज आहे, दिवा लागला म्हणजे तयार राहा आणि विझला म्हणजे करा. कुठलीही पद्धत घ्या, पण एकच घ्या आणि सगळ्यांना दाखवून घ्या. एकाला एक पद्धत आणि दुसऱ्याला दुसरी ठाऊक असेल तर अंधारात अनर्थ होईल.

उलट बाजूने सूचना देणारं बटणही बसवता येतं. विंगेतल्या माणसाने दाबलं की व्यवस्थापकाच्या टेबलावर दिवा लुकलुकतो. बोलायची गरजच नाही.

हेडसेटवर असाल तर ‘गो’ हा शब्द क्यू देण्यावाचून दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवा. आमच्याकडे एकजण ‘गो म्हटल्याशिवाय गो करू नकोस’ असं समजावत होता, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत प्रकाशवाल्याने दोन क्यू मारले! तालीम होती म्हणून सगळे पोट धरून हसले.

अनुमती
मला कानउघाडणीबद्दल लिहायचंय, कारण याच कारणापायी चांगली माणसं हे काम सोडून जाताना मी पाहिली आहेत.

मी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू सांभाळते. सुरुवातीला ज्या संस्थेत होते तिथे प्रयोग संपला की सगळ्यांना मंचावर उभं करून चुका मोजल्या जायच्या. आवाज चढवून, बहुतेक वेळा शिव्या घालून. ‘नाटक म्हणजे घर आहे, घरातला मोठा माणूस बोलला तर काय बिघडलं’ हे वाक्य ठरलेलं. परिणाम काय झाला? लोक चुका लपवायला शिकले. तुटलेला कप टेबलाखाली सरकवायचा, खोट्या तलवारीची मूठ सैल झाली तर स्वतःच चिकटपट्टी गुंडाळायची आणि गप्प बसायचं. त्या तलवारीचं पातं एका मारामारीच्या प्रवेशात निघालं. ते विंगेकडे उडालं, प्रेक्षकांकडे नाही, हे आमचं नशीब. मूठ सैल आहे हे निदान तिघांना ठाऊक होतं. तिघेही बोलले नाहीत, कारण बोललं की आधी ‘कुणी सैल केली’ याची झडती व्हायची.

आता जिथे आहे तिथे रीत वेगळी आहे. प्रयोग चालू असताना चुकीवर चर्चा नाही, फक्त पुढचं काम निभावायचं. प्रयोगानंतर ज्याचं त्याच्याशी एकट्याने बोलायचं, शक्यतो त्याच रात्री आणि थोडक्यात. सगळ्यांसमोर बोलायचं ते कामाबद्दल, माणसाबद्दल नाही. ‘स्टँड राहिला, पुढच्या वेळी तो कोण उचलणार ते ठरवू’ हे सगळ्यांसमोर चालेल. ‘तुझ्यामुळे प्रयोग पडला’ हे चालणार नाही.

टेबलावर प्रत्येक वस्तूभोवती पट्टीने आखून नाव लिहिलेलं असतं. जागा रिकामी दिसली की वस्तू कुठे आहे ते विचारायचं, कुणी नेली ते नाही. एवढ्याने लोक आपणहून येऊन सांगायला लागले.

तालीमवेडा
अवांतर होईल, पण पडद्यामागे शीळ घालू नये हा जुना नियम ऐकलाय का? असं सांगतात, की पूर्वी दोर ओढायला जहाजांवरचे खलाशी असायचे आणि ते शिळेवर इशारे द्यायचे. कुणी मौजेखातर शीळ घातली की वरून पडदा डोक्यावर! कितपत खरं माहीत नाही, पण ज्याचा आवाज सूचना वाटू शकतो त्याने गप्प राहावं, एवढी गोष्ट त्यात आहेच.

तसाच तो रात्रभर मंचावर जळत ठेवायचा एकटा दिवा. लोक म्हणतात भुतांसाठी. खरं काम म्हणजे सकाळी पहिला येणारा माणूस अंधारात ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात पडू नये.

दोरखंड
तालीमवेडा, माझ्या तरुणपणी शीळ घातली म्हणून एकाला थिएटरबाहेर जाऊन तीन गिरक्या मारून, दार वाजवून परत यायला लावलं होतं. तोवर त्याचा क्यू निघून गेला आणि सगळ्यांची धावपळ झाली!

धावपट्टी
मी नाटकातला नाही, माझी पत्नी नाटकात आहे. माझं काम विमानांशी संबंधित आहे, त्या बाजूने सांगतो.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफमध्ये दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. एका विमानाचा कॅप्टन अतिशय ज्येष्ठ होता आणि त्याने परवानगी मिळायच्या आधीच धाव सुरू केली. त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती, की दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का? कॅप्टनने ठामपणे ‘हो’ म्हटलं आणि विषय तिथेच संपला. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांचं प्रशिक्षण मुळापासून बदललं. धाकट्याने शंका कशी मांडायची आणि थोरल्याने ती कशी ऐकायची, दोन्ही शिकवलं जातं, सरावही करून घेतला जातो.

तुमचा मुलगा त्या इंजिनिअरपेक्षा एक पाऊल पुढे गेला. त्याने शंका विचारली नाही, थेट थांबवलं.

दोरखंड
धावपट्टी, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. तरी एक फरक आहे. कॉकपिटमध्ये तिघे होते, तिघेही एकमेकांचं ऐकू शकत होते. आमच्याकडे पंधरा माणसं असतात, दोन विंगांत, गॅलरीत, मंचाखाली. तिथे शंका विचारायला वेळ नसतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. थांबवायचा हक्क सगळ्यांना, अगदी पहिल्या दिवशी आलेल्यालाही. पण शब्द एकच, आधी ठरलेला, आणि तो ऐकल्यावर प्रत्येकाने काय करायचं तेही ठरलेलं. लेव्हलवाला थांबतो आणि हात काढत नाही. दोरवाला दोर आवळून धरतो. नट जागचा हलत नाही. प्रकाशवाला कामाचे दिवे आणतो, मग प्रेक्षकांना सेट दिसला तरी चालेल. याची तांत्रिक तालमीत प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेगाने तालीम घ्यायची, नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही. त्या मुलाच्या ‘थांबा’नंतर गोंधळ झाला तो त्याच्या ओरडण्याने कमी, आणि पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसल्याने जास्त झाला, असं मला आता वाटतं.

जुनी_तिकिटं
प्रेक्षक अंधारात बसून राहिले याचं दुःख समजतं, पण प्रयोग थांबवणं म्हणजे महापाप ही समजूत महागात पडते, त्याचा एक इतिहास सांगतो.

३० डिसेंबर १९०३, शिकागोचं इरोक्वॉय थिएटर. उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले. दुपारच्या खेळाला बायका-मुलांची गर्दी. आर्क दिव्याच्या ठिणगीने मंचावरच्या पडद्याने पेट घेतला. एडी फॉय हा विनोदी नट पुढे येऊन लोकांना शांत बसायला सांगत राहिला, वाद्यवृंदाला वाजवत राहा म्हणाला. आगीसाठीचा खास पडदा खाली सोडला तर तो मध्येच अडकला. मागचं मोठं दार उघडलं तसा थंड हवेचा झोत आत आला आणि ज्वाला प्रेक्षागृहात घुसल्या. बाहेर पडायची कितीतरी दारं बंद होती, कड्या लोकांना उघडता येईनात. सहाशेच्या वर माणसं मेली. तिथल्या कर्मचाऱ्यांकडून आगीची तालीम कधी करून घेतलेलीच नव्हती.

फॉय धीराचा माणूस होता, त्याला दोष देणं योग्य नाही. पण तो पडदा एकदा तरी पूर्ण खाली आणून पाहायचं काम पडद्यामागच्यांचं होतं. आज जिथे असा पडदा आहे तिथे तो नेमाने खाली-वर करून पाहतात, कित्येक ठिकाणी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. मला ते बघायला फार आवडतं.

निळा_दिवा
सगळे मुलाची बाजू घेताहेत, चांगलं आहे. पण शिस्तीचा धागा आहे तर कडक बाजूही यायला हवी.

काही गोष्टींना माझ्याकडे माफी नाही. पिऊन आला, तर त्या संध्याकाळी तो कुठल्याही दोराला, दिव्याला, लेव्हलला हात लावणार नाही. मग तो कितीही जुना असो आणि त्याच्यावाचून प्रयोग कितीही अडो. दुसरं, दुसऱ्याच्या प्रॉपर्टीला आणि खोट्या शस्त्राला विनाकारण हात लावणं. तिसरं, विंगेत मोबाइल उघडणं. त्याचा उजेड नुसता प्रेक्षकांना दिसतो म्हणून नाही, बघणाऱ्याचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्याला कुणाशी तरी धडकायला पुरेसा अवधी मिळतो. उशिरा येणं वगैरे मी बोलून सोडवतो.

अनुमती
निळा_दिवा, पिण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण झोप न झालेल्या माणसाचं काय? रात्रभर सेट उतरवायचा, ट्रकमधून पुढच्या गावी जायचं आणि सकाळी पुन्हा सेट लावायचा. त्या माणसाचे हातही तसेच थरथरतात. पिऊन आलेल्याला आपण घरी पाठवतो आणि पेंगणाऱ्याला ‘गडी कामाचा आहे’ म्हणतो. युरोपीय संघात दर २४ तासांत सलग किमान ११ तासांची विश्रांती हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या वेळापत्रकात तो बसत नसेल तर चूक वेळापत्रकाची आहे. शिस्त फक्त खालच्यांना लावायची आणि दौऱ्याच्या तारखा ठरवणाऱ्याला विचारायचं नाही, हे मला पटत नाही.

निळा_दिवा
पटलं. माझ्या यादीत हे चौथं.

मुखवटा
मी अभिनय करते. मंचावर माझा जीव तुमच्या हातात असतो, त्यामुळे हा धागा पहिल्यापासून वाचतेय.

२० डिसेंबर २०१० ला ब्रॉडवेवर स्पायडर-मॅनच्या संगीतिकेत एक नट उंचावरून खाली पडला. कवटी, बरगड्या, मणके मोडले. कारण एवढंच, की त्याची सुरक्षेची दोरी मंचाला अडकवलेली नव्हती. त्यानंतर नियम आला, की एकाने अडकवायची, दुसऱ्याने तपासायची आणि नटाने स्वतः खात्री करून तोंडाने सांगायचं. म्हणजे तीन माणसं, आणि त्यांतल्या कुणीही ‘नाही’ म्हटलं की उडी नाही.

आता आम्हा नटांबद्दल. बॅकस्टेजशी सगळ्यात वाईट वागतात ते आमच्यातलेच काही. वाक्य विसरले की विंगेकडे रागाने बघायचं, म्हणजे प्रेक्षकांना वाटेल चूक मागच्यांची आहे. झटपट कपडे बदलताना मदतनीस मुलीवर खेकसायचं. उलट बाजूही पाहिली आहे. अंधारात कपडे बदलताना गरज नसताना हात लावणारे मदतनीस असतात, आणि ‘घाई होती’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं. त्यावर उपाय सोपा आहे. बटणं कोण लावणार, चेन कोण ओढणार, हे तालमीतच ठरवायचं आणि दोघांनी मिळून हळू वेगात करून बघायचं. ठरल्याबाहेर हात गेला तर लगेच कळतं, आणि बोलायला आधार मिळतो.

कडेची_खुर्ची
मुखवटा ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अशी तक्रार न्यायची कुठे, तेही लिहून ठेवलेलं हवं. शिकागोतल्या नाट्यसंस्थांनी मिळून २०१७ मध्ये वागणुकीचे नियम तयार केले, कुणीही वापरावेत असे. त्यांतला मला भावलेला भाग म्हणजे तक्रारीची वाट. पहिल्यांदा कुणाशी बोलायचं, त्याने ऐकलं नाही तर कुणाशी, आणि तक्रार त्याच्याबद्दलच असेल तर कुणाशी, हे पहिल्या तालमीच्या दिवशी सगळ्यांच्या हातात कागदावर. छोट्या संस्थेत दिग्दर्शक, निर्माता आणि व्यवस्थापक एकच असतो किंवा एकाच घरातले असतात. तिथे संस्थेबाहेरचं एक विश्वासू नाव कागदावर असायलाच हवं.

हौशी
आम्ही सगळे हौशी. कुणाला मानधन नाही. शिस्त लावायची कशाच्या जोरावर? जास्त बोललं तर पोरगं उद्यापासून येणार नाही.

दोरखंड
हौशी, वजन हौशी माणसाच्या डोक्यावरही तेवढ्याच जोराने पडतं. पैसे देत नसाल तर उलट जास्त जपा. आणि माझा अनुभव असा, की पोरं शिस्तीने पळत नाहीत. अपमानाने पळतात, नाहीतर नुसतं बसवून ठेवल्याने. नेमकं काम द्या, ते त्याच्या नावाने लिहा, आणि नीट झालं की सांगा.

टिपणवही
प्रयोगाच्या अहवालाबद्दल कुणी बोललं नाही. विंगेतून ताई, तुम्ही परवाचा अहवाल लिहिलात का? मी बरीच वर्षं लिहिते आहे. अर्धी शिस्त तिथे ठरते, कारण पुढच्या प्रयोगाआधी सगळे तोच वाचतात.

‘नवीन मुलाच्या चुकीमुळे प्रयोग खोळंबला’ असं लिहिलंत तर प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटेल आणि स्टँड पुन्हा राहील. त्याऐवजी: ‘अंक दुसरा, पहिला ब्लॅकआउट. कोटाचा स्टँड लेव्हलच्या वाटेत राहिला. लेव्हलवरून थांबण्याची सूचना आली. लेव्हल स्टँडच्या आधी थांबली. इजा नाही. दिवे उशिरा. पुढील प्रयोगाआधी: स्टँड उचलण्याची जबाबदारी ठरवणे, डाव्या विंगेत सूचनेची सोय करणे.’ काय दिसलं, काय झालं, काय करायचं. कुणाचं नाव नाही, विशेषण नाही. हे वाचून प्रमुखांचाही राग निवेल, कारण यात त्यांच्यावरही ठपका नाही.

विंगेतून
सगळ्यांचे मनापासून आभार. टिपणवही, तुमचा मजकूर जवळजवळ तसाच घेतला. स्टँड उचलायचं काम कागदावर एका नटाकडे होतं. त्याची एक्झिट तालमीत दुसऱ्या बाजूला हलवली गेली, तेव्हापासून ते काम कुणाकडेच नव्हतं. तीन जणांना वाटायचं दुसरा उचलतो, आणि आजवर कुणी ना कुणी उचलतही होतं.

मुलगा पुढच्या प्रयोगाला आहे, हे मी प्रमुखांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी दोरखंड यांच्यासारखाच मुद्दा मांडला, की उद्या कुणीही उठून ओरडेल. मी म्हटलं, म्हणून तर शब्द ठरवू, तालीम घेऊ. त्याला ते तयार झाले, इतके की कोणी कुठे हात धरायचा हे त्यांनीच बसवलं. त्या मुलाशी मात्र ते अजून नीट बोललेले नाहीत. सगळ्यांसमोर झालेला अपमान सगळ्यांसमोरच निस्तरला पाहिजे असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांच्याकडे धरून बसणार आहे. मुलाशी मी स्वतः बोलले. तो म्हणाला, ‘पुन्हा दिसलं तर पुन्हा ओरडेन.’ मला फार बरं वाटलं.

काळा_शर्ट
त्या पोराला आमच्याकडे पाठवा!

विंगेतून
अजिबात नाही देणार.

दोरखंड
चांगलं केलंत. एक शंका उरते. दौऱ्यावर पडदा ओढणारे, फ्लायवाले, कधी दिव्यांचे मदतनीसही त्या त्या थिएटरचे असतात. ते तुमच्या तालमीला नसतात. तुमचा ठरलेला शब्द त्यांना कोण सांगणार? मी थिएटरचाच माणूस आहे. बाहेरून संस्था येतात, सेट लावतात, प्रयोग करतात आणि जातात. कित्येकदा व्यवस्थापक माझं नावही विचारत नाही आणि प्रयोगात मला ‘ओ वरचे!’ म्हणून हाक मारतो.

विंगेतून
हा विचार केलाच नव्हता. तुम्ही थिएटरच्या बाजूने काय पसंत कराल?

दोरखंड
सेट लागला की, नट रंगायला बसायच्या आधी, पाच मिनिटं सगळ्यांना मंचावर बोलवा, आम्हालाही. नावं सांगा, नावं विचारा. धोक्याच्या जागा चालत जाऊन दाखवा: चाकांची लेव्हल, उघडा खड्डा, उतरणारे बार. थांबायचा शब्द सांगा आणि आमच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. आमच्या थिएटरची काही वेगळी रीत असेल तर तीही तेव्हाच ऐका. आणि ज्याची पाळी मध्यंतरानंतर बदलते त्याच्या जागी येणाऱ्यालाही कुणीतरी सांगायचं, ते कोण, तेही तिथेच ठरवा.

निळा_दिवा
यात प्रकाशवाल्याला आणि ध्वनीवाल्याला विसरू नका. आम्ही प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला काचेआड असतो, मंचावर जमून बोललेलं एक अक्षर आम्हाला ऐकू येत नाही, आणि कामाचे दिवे आणायचे तर आम्हालाच आहेत. आधी आम्हाला खाली बोलवा, मग बोलायला सुरुवात करा.